कळ आणि दिवा

भिंतीवरील कळ दाबली कीं दिवा लागतो, ही गोष्ट शहरांतील घरांत इतकी अंगवळणी पडली आहे कीं तींत विचार करण्यासारखें कांहीं असेल असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. त्या कळीचें काम खरोखरच साधें असतें. दिव्याकडे जाणारी तार एका ठिकाणीं तोडून ठेवलेली असते. कळ दाबतांच तो तुटलेला सांधा जुळतो आणि प्रवाह वाहूं लागतो. पाटाचें दार उचलावें आणि पाणी शेतांत सुटावें, तसलाच हा प्रकार. बोट आणि दिवा यांच्यामध्यें तिसरें कोणी नसतें.

आजच्या इमारतींतील लिफ्टची कळ मात्र या जातीची नव्हे. ती दाबली कीं तिच्या भोंवतीं एक लहानसा दिवा उजळतो; परंतु तो दिवा बोटानें लाविलेला नसतो. बोटानें फक्त वर्दी दिलेली असते. ती वर्दी आंत बसलेल्या एका चिमुकल्या संगणकानें ऐकलेली असते, आणि वर्दी पोंचली हें कळविण्यासाठीं त्यानें तो दिवा लाविलेला असतो. कपडे धुण्याचें यंत्र, मायक्रोवेव्ह, दूरचित्रवाणीचा रिमोट, या सर्वांच्या कळा आतां वर्दीच्या कळा आहेत. कळ सांगते, दिवा दाखवितो, आणि काय करावयाचें तें मधला ठरवितो. हा मधला कसा वागतो, कोठें फसतो आणि त्याला शहाणें कसें करावें, हें समजून घेण्याचा सोपा मार्ग म्हणजे मायक्रोकंट्रोलरचा एक बोर्ड, दोनचार बटणें आणि दोनचार एलईडी दिवे घेऊन बसणें.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपेंत सामावलेला लहानसा संगणक. त्याला पडदा नाहीं, कळफलक नाहीं. बाहेरच्या जगाशीं त्याचा व्यवहार चालतो तो त्याच्या धातूच्या पायांवाटे. या पायांना पिन म्हणतात. प्रत्येक पिनेला प्रोग्राममध्यें आधींच नेमणूक द्यावी लागते : तूं बोलणारी कीं ऐकणारी? बोलणाऱ्या पिनेवर चिप स्वतः ५ व्होल्टांचा दाब ठेवते किंवा काढून घेते. ऐकणाऱ्या पिनेवर बाहेरून किती दाब आला आहे तें ती नुसतें पाहते. दिवा बोलणाऱ्या पिनेला जोडावयाचा, बटण ऐकणाऱ्या पिनेला. त्या दोघांची एकमेकांशीं सरळ गांठ कोठेंच नसते.

हौशी मंडळींच्या आणि विद्यार्थ्यांच्या हातीं सर्वत्र दिसणारा बोर्ड म्हणजे आर्डुइनो उनो. आर्डुइनोचा जन्म २००५ सालीं उत्तर इटलींतील इव्रेआ या गांवीं झाला. टंकलेखनयंत्रांसाठीं प्रसिद्ध असलेल्या ऑलिव्हेट्टी कंपनीचें हें गांव. तेथील एका शिक्षणसंस्थेंतील मासिमो बान्झी व त्यांचे सहकारी यांना, विद्युत्शास्त्र न शिकलेल्या विद्यार्थ्यांनाहि झेपेल व परवडेल असा बोर्ड हवा होता. त्याच संस्थेंतील एर्नांदो बार्रागान या विद्यार्थ्यानें त्यापूर्वीं 'वायरिंग' नांवाची जी रचना केली होती, तिच्या पायावर हा बोर्ड उभा राहिला. ही गोष्ट पुष्कळदां सांगावयाची राहून जाते. नांव पडलें तें गांवांतील एका मद्यगृहावरून, आणि त्या मद्यगृहाला तें मिळालें होतें १००२ सालीं इटलीच्या गादीवर बसलेल्या आर्दुइन राजावरून. 'उनो' म्हणजे इटालियन भाषेंत 'एक'. ही आवृत्ति २०१० सालची. तिच्यावरील चिपेचें घड्याळ सेकंदाला १ कोटी ६० लक्ष ठोके देतें. हा आंकडा श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

आतां एक घर डोळ्यांसमोर आणावें. पुण्यांतील तीन खोल्यांचें घर. आजोबांना कंपवात आहे. हात कांपतो, आणि त्या रोगांत पुष्कळदां होतें त्याप्रमाणें आवाज इतका खालीं गेला आहे कीं शेजारच्या खोलींतहि तो ऐकूं जात नाहीं. उशाशीं एक पितळी घंटा ठेवली होती. ती कांपत्या हातांतून रात्रीं दोनदां खालीं पडली. तेव्हां नववींत शिकणाऱ्या नातीनें ठरविलें कीं खाटेशीं तीन बटणें बसवावयाचीं आणि स्वयंपाकघरांत तीन दिवे लावावयाचे. पिवळा लागला तर पाणी हवें आहे, नारिंगी लागला तर उठवून न्यावयाचें आहे, आणि लाल लागला तर हातांतलें काम टाकून धांवत यावयाचें. बोर्ड घरांतच होता. मुंबईकर अशा वस्तूंसाठीं लॅमिंग्टन रोडला जातात. पुणेकरांना बुधवार पेठ जवळची. तेथून बटणें, दिवे आणि रोधक आले आणि एका रविवारीं काम सुरू झालें.

आधीं दिव्यांचें. एलईडी हा तार तापवून उजेड देणारा दिवा नव्हे. विशिष्ट अर्धवाहक स्फटिकांतून वीज एका दिशेनें जातांना तो स्फटिकच प्रकाशतो. हा चमत्कार १९०७ सालीं हेन्री राउंड यांच्या दृष्टीस पडला होता. परंतु डोळ्यांना दिसेल असा, उपयोगाचा लाल एलईडी निक होलोन्याक यांनीं १९६२ सालीं तयार केला. निळ्यासाठीं जगाला आणखी तीस वर्षें थांबावें लागलें, आणि तो करून दाखविणाऱ्या आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघांना २०१४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. या दिव्याच्या दोन खोडी ध्यानांत ठेवाव्या. तो उलटा लावला तर पेटत नाहीं. त्याचा लांब पाय धन बाजूस आणि आंखूड पाय ऋण बाजूस गेला पाहिजे. दुसरी खोड अशी कीं आपल्यांतून किती प्रवाह जाऊं द्यावा, याचा त्याला स्वतः आवर नसतो. लाल दिव्यावर सुमारे २ व्होल्ट खर्ची पडतात. पिन देते ५. उरलेल्या ३ व्होल्टांना लगाम घालण्यासाठीं वाटेंत रोधक बसवावा लागतो. तो २२० ओहमचा घेतला तर ३ भागिले २२०, म्हणजे सुमारे १४ मिलिअँपिअर प्रवाह जातो. उनोच्या एका पिनेची अगदीं शेवटची मर्यादा ४० मिलिअँपिअर आहे, आणि शहाण्यानें २० च्या आंत रहावें. २०२३ सालीं निघालेल्या उनोच्या चौथ्या आवृत्तींत चिप निराळी आहे व तिची पिन अवघे ८ मिलिअँपिअर सोसते. जुन्या आवृत्तीचा हिशेब नव्या बोर्डास लावूं नये.

बटणांत एक लहानसा फसवा भाग आहे. बाजारांत मिळणाऱ्या चौकोनी बटणाला चार पाय असतात, परंतु ते दोन-दोन मिळून आंतून कायमचे जोडलेले असतात. चुकीची जोडी धरली तर बटण कोणी न दाबतांहि दाबलेलेंच राहतें. समोरासमोरचे तिरपे दोन पाय घेतले कीं ही चूक होऊंच शकत नाहीं. कित्येक नवशिक्यांची अख्खी संध्याकाळ एवढ्याशा गोष्टीपायीं गेली असेल.

नातीनें तिरपे पायच घेतले होते. तिनें बटणाचा एक पाय ५ व्होल्टांना जोडला, दुसऱ्या पायापासून वीस फूट लांब तार स्वयंपाकघरांतील बोर्डाच्या पिनेपर्यंत आणली, आणि पिनेवर ५ व्होल्ट आले कीं दिवा लावावा असा प्रोग्राम लिहिला. बटण दाबलें, दिवा लागला, सोडलें, विझला. सर्वांना आनंद झाला.

रात्रीं साडेअकराला लाल दिवा लागला. आई धांवत गेली. "अण्णा, तुम्हीं बटण दाबलंत का?" आजोबांनीं मान हलविली. बाराच्या सुमारास पुन्हां लागला, आणि दीडला पिवळा व लाल दोन्ही लुकलुकूं लागले. आजोबा शांत झोंपले होते. दुसऱ्या दिवशीं घरांत सगळ्यांचे डोळे तांबारलेले, आणि त्याहून वाईट म्हणजे लाल दिव्यावरील विश्वास उडूं लागलेला. खोट्या वर्दीला तीन वेळां उठलेलें माणूस चौथ्या वेळीं खऱ्या वर्दीलाहि कूस बदलून झोंपतें.

यांत चिपेचा दोष नव्हता. बटण दाबलें असतांना ती तार ५ व्होल्टांना जोडलेली होती. पण दाबलेलें नसतांना ती कशाला जोडलेली होती? कशालाच नाहीं. ती अधांतरीं लोंबकळत होती. उनोची चिप पिनेवर दीड व्होल्टापेक्षां कमी दाब असेल तर 'नाहीं' समजते, तीन व्होल्टांपेक्षां अधिक असेल तर 'आहे' समजते, आणि मधल्या दाबाला काय समजेल याचें वचन ती देत नाहीं. वीस फुटांची मोकळी तार म्हणजे आकाशवाणीच्या जुन्या संचाची एरिअलच. भिंतींतील घरगुती विजेच्या तारा, पंखा, फ्रीज यांच्या लहरी तिच्यावर उमटतात, आणि इतक्या क्षीण दाबानेंहि पिनेचें मन इकडेतिकडे होतें, कारण ऐकणारी पिन जवळजवळ प्रवाहच ओढीत नाहीं.

दाराला स्प्रिंग नसली कीं वाऱ्याच्या झुळुकीनें तें उघडझांप करतें. हलकी स्प्रिंग बसविली म्हणजे वाऱ्यानें तें हालत नाहीं, पण माणसाच्या हातानें सहज उघडतें. पिनेलाहि अशीच स्प्रिंग हवी. चिपेच्या पोटांत तशी सोय आहे : प्रोग्राममध्यें एका शब्दानें सांगितलें कीं पिन आणि ५ व्होल्ट यांच्यामध्यें आंतल्या आंत २० ते ५० हजार ओहमचा एक रोधक जोडला जातो. मग बटणाचा दुसरा पाय ५ व्होल्टांना न नेतां ग्राउंडला न्यावयाचा. बटण मोकळें असतां रोधक पिनेला ५ व्होल्टांवर धरून ठेवतो; दाबलें कीं ती शून्यावर येते. भाषा उलटी झाली, म्हणजे 'आहे' याचा अर्थ 'कोणी दाबलेलें नाहीं', आणि 'नाहीं' याचा अर्थ 'दाबलें'. नवख्याला हें चमत्कारिक वाटतें, पण दोन दिवसांत संवय होते. वीस फुटांच्या तारेसाठीं मात्र आंतली स्प्रिंग अंमळ लेचीच. अशा वेळीं बाहेरून १ ते ४.७ हजार ओहमचा एक रोधक आणखी जोडावा आणि पिनेची तार व ग्राउंडची तार एकमेकींस पीळ देऊन न्यावी. नातीनें तसें केलें आणि रात्रींचीं भुतें गेलीं.

परंतु दिवा बटण सोडतांच विझत होता. आई त्या वेळीं पोळपाटाकडे पाहत असली तर? तेव्हां एकदां दाबलें कीं दिवा लागावा व लागलेलाच रहावा, पुन्हां दाबलें कीं विझावा, असा बेत ठरला. ऐकावयास हें अगदीं निर्दोष वाटतें. प्रत्यक्षांत दिवा जुगार खेळूं लागला. एकाच दाबाला कधीं लागे, कधीं नाहीं. पहिली चूक उघड होती. बोट बटणावर पाव सेकंद जरी राहिलें, तरी तेवढ्यांत चिपेनें हजारों वेळां बटण पाहिलेलें असतें, आणि प्रत्येक वेळीं 'दाबलेलें आहे, उलटवा' असें म्हणून ती दिवा उलटवीत बसते. त्यामुळें बटण दाबलेलें आहे काय, असें न विचारतां, मागच्या वेळीं मोकळें होतें आणि आतां दाबलेलें आहे काय, असें विचारावें लागतें. वर्दी स्थितीची नव्हे, स्थिति पालटल्याची घ्यावयाची.

एवढें करूनहि जुगार पुरता संपला नाहीं. दुसरी अडचण बटणाच्या धातूंत आहे. दोन पातीं एकमेकांवर आपटलीं कीं तीं फरशीवर पडलेल्या गोटीसारखीं उसळतात, आणि जुळणें-तुटणें-जुळणें असें कांहीं सहस्रांश सेकंद चालतें. माणसाला त्याचा पत्ताहि लागत नाहीं. पण ५ सहस्रांश सेकंदांत चिपेच्या घड्याळाचे ८० हजार ठोके पडतात. तिच्या दृष्टीनें एकेक उसळी म्हणजे बटण सोडून पुन्हां दाबल्याची सवडीनें आलेली निराळी वर्दी. वर्द्यांची संख्या विषम भरली तर दिवा लागलेला दिसतो, सम भरली तर होता तसाच. यावर पुस्तकांत उपाय दिलेला असतो, आणि तो बरोबर आहे : पिनेची स्थिति पालटली कीं लगेच विश्वास ठेवूं नये, ती सेकंदाचा विसावा भाग, म्हणजे ५० सहस्रांश सेकंद, तशीच टिकली तर मग खरी मानावी.

नातीच्या बोटाला हा उपाय पुरला. आजोबांच्या बोटाला पुरला नाहीं. कंपवाताचा कंप सेकंदाला सुमारे चार ते सहा वेळां होतो. म्हणजे त्यांचें बोट बटणावर दोन-दोन दशांश सेकंदांच्या अंतरानें खरोखरच पुन्हां पुन्हां पडत होतें. या धातूच्या उसळ्या नव्हत्या. हे प्रामाणिक दाब होते, आणि ५० सहस्रांशांच्या चाळणींतून ते सुखरूप खालीं उतरत. आजोबा लाल बटण दाबीत, दिवा लागे, विझे, लागे, विझे. शेवटीं कोठें थांबेल तें दैवाधीन. चाळणीचीं भोकें एक सेकंदाएवढीं करावीं असें प्रथम सुचलें. पण मग तें बोट सलग एक सेकंद टेंकलेलें राहीना आणि दिवा लागेचना.

खरा दोष यंत्रांत नव्हता, अर्थांत होता. एकाच बटणाला 'या' आणि 'आतां नको' असे दोन परस्परविरुद्ध अर्थ दिले होते, आणि आलेला दाब यांपैकीं कोणत्या अर्थाचा हें मोजणीवर सोंपविलें होतें. आजोबांना 'आतां नको' असें सांगावयाचेंच नव्हतें. म्हणून खाटेवरील तिन्ही बटणांना एकच अर्थ दिला : दिवा लावा. लागलेला असेल तर लागलेलाच राहूं द्या. आतां एकदां दाबा, सहा वेळां दाबा, पातीं उसळोत, हात कांपो, उत्तर एकच. ज्या उसळ्यांसाठीं इतकी यातायात केली, त्यांना हिशेबांत मोलच उरलें नाहीं. विझविण्यासाठीं निराळें चौथें बटण. तें प्रथम स्वयंपाकघरांत बसविलें होतें, पण ओट्यापाशीं उभ्याउभ्या कोणीहि दिवा विझवून 'जातें हं' म्हणावें आणि विसरावें, असा धोका ध्यानांत आला. तेव्हां तें आजोबांच्या खोलींत, त्यांच्या हाताला न लागेल असें भिंतीवर नेलें. आजोबांपाशीं गेल्यावांचून दिवा विझणें शक्य राहिलें नाहीं. रुग्णालयांत परिचारिकेस बोलावण्याची जी योजना असते, तींतहि रद्द करण्याची कळ बहुधा खाटेजवळच असते, तें याच कारणानें.

आणखी एक गोष्ट उरली होती. हांक गेली कीं नाहीं, हें आजोबांना कसें कळावें? लिफ्टच्या कळीप्रमाणें खाटेशींहि दिवे हवे होते. ते निराळ्या पिनांवरून लावणें सोपें होतें. परंतु तसें केल्यास खाटेचा दिवा चिपेनें ऐकलें एवढेंच सांगता, स्वयंपाकघरांतील दिवा लागला हें सांगता ना. म्हणून प्रत्येक रंगाचे दोन दिवे एकाच वाटेवर एकामागें एक जोडले. दोघांवर मिळून सुमारे ४ व्होल्ट खर्ची पडतात, १ उरतो, त्याला १०० ओहमचा रोधक : प्रवाह १० मिलिअँपिअरच्या आसपास. स्वयंपाकघरांतील दिव्याचा पाय निखळला, तार तुटली, तर वाटच खुंटते आणि खाटेचाहि दिवा लागत नाहीं. खाटेशीं उजेड दिसला म्हणजे तोच प्रवाह तिकडच्या दिव्यांतूनहि गेलेला आहे. रंग पिवळा, नारिंगी व लाल हेच घेतले तें यासाठींच. निळ्या, पांढऱ्या किंवा झगझगीत हिरव्या दिव्याला एकट्यालाच ३ व्होल्टांच्या आसपास लागतात, आणि तसे दोन ५ व्होल्टांवर धड पेटणार नाहींत.

लाल दिवा लुकलुकावा, असें वडिलांचें मत पडलें. लुकलुकणें शिकविण्याची जी पहिली आज्ञा मुलांना मिळते ती 'थांब' ही : लाव, अर्धा सेकंद थांब, विझव, अर्धा सेकंद थांब. पण थांबलेली चिप बहिरी असते. त्या अर्ध्या सेकंदांत दुसऱ्या बटणाला ओझरता स्पर्श झाला तर तिला पत्ता नसतो. त्याऐवजीं चिपेला थांबूं न देतां घड्याळाकडे पाहण्यास सांगावें : मागें दिवा उलटविला त्याला अर्धा सेकंद झाला काय? नसेल तर बटणें पाहून ये आणि पुन्हां विचार. हें घड्याळ सहस्रांश सेकंद मोजतें, आणि त्याची वही ४९ दिवस १७ तासांनीं भरते व मोजणी पुन्हां शून्यापासून सुरू होते. पुढची वेळ आधींच काढून ठेवून तिची वाट पाहिली, तर उडी नेमक्या त्या क्षणीं पडली असतां दिवा आहे त्या स्थितींत आठवडेच्या आठवडे थिजूं शकतो. आतांच्या वेळेंतून मागची वेळ वजा केली तर कांहीं बिघडत नाहीं. घड्याळांत अकरानंतर दोन वाजले तर तीन तास गेले, हें लहान मुलालाहि कळतें. चिपेची वजाबाकीहि तशीच चक्राकार असते. टेबलावर संध्याकाळभर चालणाऱ्या प्रयोगांत ही चूक कधींच दिसत नाहीं. भिंतीवर सात आठवडे चाललेल्या यंत्रांतच ती दिसते.

राहतां राहिली वीज. ती गेली कीं चिपेच्या कामाच्या २,०४८ बाइटांतील सारी स्मृति पुसली जाते, आणि परत आली कीं ती कोऱ्या पाटीनें आरंभ करते. आजोबांनीं दिलेली हांक मधल्या मध्यें नाहींशी झालेली असते. म्हणून प्रोग्रामच्या आरंभींच तिन्ही दिवे लावावयाचे, असें नातीनें ठरविलें. वीज आली कीं कोणीतरी खोलींत जाऊन विचारून यावें आणि भिंतीवरील बटण दाबावें. मोबाइलच्या पॉवर बँकेवर बोर्ड चालवून पाहिला, पण बोर्डाला इतकी थोडी वीज लागते कीं ती बँक, आपल्याला कांहीं जोडलेलेंच नाहीं, असें समजून थोड्या वेळानें आपोआप बंद झाली. तेव्हां पितळी घंटा परत काढली, आणि हातांतून सुटली तरी जमिनीवर पडूं नये म्हणून सुतळीनें खाटेच्या दांडीला बांधली.